नियमामागचा फेरफार

1937 सालच्या विमान नियमांमधला तेरावा नियम शब्दशः वाचला, तर विमानाने प्रवास केलेला जवळजवळ प्रत्येक भारतीय त्यात अडकतो. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून महासंचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही छायाचित्र काढू नये, दुसऱ्याकडून काढवू नये आणि कुणाला काढूही देऊ नये, असा त्याचा आशय आहे. मुंबईला उतरताना खिडकीतून टिपलेली ठाण्याची खाडी आणि पहिल्या विमानप्रवासात खिडकीला नाक लावून बसलेल्या नातवाचा फोटो, दोन्ही या शब्दांच्या कक्षेत येतात. तरीही लोक रोज असे फोटो काढतात, समाजमाध्यमांवर टाकतात, आणि त्यासाठी कुणाला दंड झाल्याचं ऐकू येत नाही. मग हा नियम रद्द झालाय का? की तो आहे, पण कुणी पाळत नाही?

दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. नियम जागेवर आहे. पण 9 डिसेंबर 2004 रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एक परिपत्रक काढलं आणि अधिकृत प्रवाशांना विमानाच्या आतून फोटो आणि चित्रीकरण करायला मुभा दिली. पुढची सोळा वर्षं या परिपत्रकाची आठवण फारशी कुणाला झाली नाही. मग सप्टेंबर 2020 मध्ये चंदिगडहून मुंबईला आलेल्या एका विमानात एका अभिनेत्रीला टिपण्यासाठी कॅमेरे घेतलेल्या पत्रकारांची झुंबड उडाली. 12 सप्टेंबरला डीजीसीएने आदेश काढला, की ज्या विमानात छायाचित्रणाच्या नियमाचा भंग होईल, त्या मार्गावरची ती सेवा दुसऱ्या दिवसापासून दोन आठवडे बंद राहील. बातमी पसरली: विमानात फोटो काढायला बंदी. दुसऱ्याच दिवशी डीजीसीएला खुलासा करावा लागला. 2004 चं परिपत्रक कायम आहे, खिडकीतून फोटो काढायला हरकत नाही. मात्र गोंधळ माजवणारी, उड्डाणात किंवा सुरक्षेत अडथळा आणणारी किंवा विमानातल्या कर्मचाऱ्यांनी मनाई केलेली चित्रण-उपकरणं चालणार नाहीत.

गोष्ट इथे संपली नाही. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षानंतर डीजीसीएने विमान कंपन्यांना संरक्षण दलांच्या विमानतळांबद्दल नव्या सूचना दिल्या. प्रवाशांनी तिथे फोटो काढू नयेत, आणि पश्चिम सीमेजवळच्या अशा तळांवर तर ठरावीक उंची गाठेपर्यंत खिडक्यांच्या झडपाही बंद ठेवाव्यात. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचा. म्हणजे मुंबईहून पुण्याच्या किंवा गोव्याच्या प्रवाशाने नियम 13 वाचला, 2004 चं परिपत्रक वाचलं आणि 2020 चा खुलासाही वाचला, तरी त्याचं उत्तर अर्धवटच राहील. विमान कोणत्या धावपट्टीवर उभं आहे, यावरही ते अवलंबून आहे.

विमान वाहतुकीचा नियम हा असा असतो. तो एका वाक्यात राहत नाही. शेतजमीन घेताना आपल्याकडचा जाणता माणूस नुसत्या सातबाऱ्यावर विसंबत नाही. तो फेरफाराच्या नोंदी मागतो: हे नाव कोणत्या नोंदीने लागलं, त्याआधी कुणाचं होतं, बोजा कधी चढला आणि कधी उतरला. नियमाच्या बाबतीतही तीच सवय लागते. समोरचं वाक्य हा फक्त आजचा उतारा. ते कुणी लिहिलं, कोणत्या अधिकाराने लिहिलं, कोणत्या तारखेला बदललं आणि त्याच्यावर नंतर काय चढलं, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावणं धोक्याचं असतं. हे काम वकिलांचंच आहे असं मला वाटत नाही. बारामतीच्या किंवा गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक व्हायला आलेली मुलं 'एअर रेग्युलेशन्स' हा विषय पाठ करून सत्तर टक्क्यांची अट ओलांडतात, पण एखादा नियम कुठून आला हे त्यांना शोधता येत नाही, तेव्हा वाईट वाटतं. कारण पाठ केलेला नियम बदलतो; शोधण्याची रीत बदलत नाही.

या वंशावळीच्या मुळाशी 7 डिसेंबर 1944 चा शिकागो करार आहे. दुसरं महायुद्ध अजून चालू असताना 52 देशांनी त्यावर सह्या केल्या. त्यातून उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, 1947 मध्ये रीतसर अस्तित्वात आली आणि आज मॉन्ट्रियलहून 193 देशांसाठी काम करते. कराराच्या 37 व्या कलमाने तिला समान मानकं ठरवण्याचं काम दिलं आणि ती मानकं 19 परिशिष्टांत मांडली आहेत. परिशिष्ट वाचताना एक गोष्ट पक्की धरावी. त्यात दोन प्रकारची वाक्यं असतात. एक मानक, जे देशांनी पाळायचंच असतं. दुसरी शिफारस, जी पाळावी अशी अपेक्षा असते. इंग्रजी मजकुरात हा फरक एका सहायक क्रियापदाने केलेला असतो, आणि घाईत वाचणारा तोच नेमका चुकवतो.

त्याहून महत्त्वाचं 38 वं कलम. एखाद्या देशाला मानक पाळणं शक्य नसेल, तर त्याने तो फरक आयकाओला कळवायचा असतो. म्हणजे आयकाओच्या परिशिष्टात एखादी गोष्ट लिहिली आहे म्हणून ती भारतात जशीच्या तशी लागू आहे असं होत नाही. भारताने कुठे वेगळं केलं आहे, ते आपल्या एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशनमध्ये, म्हणजे एआयपीमध्ये, स्वतंत्रपणे नोंदवलेलं असतं. आयकाओचं परिशिष्ट पुढे करून वाद घालणाऱ्याला आधी एवढंच विचारावं, की फरकांची ती यादी पाहिलीत का.

आंतरराष्ट्रीय करार देशात थेट चालत नाही. त्याला देशाचा कायदा लागतो. आपल्याकडे नव्वद वर्षं ते काम 1934 च्या विमान कायद्याने केलं. त्याच्या जागी आता भारतीय वायुयान अधिनियम 2024 आला आहे आणि तो 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. नव्या कायद्याची बातमी वाचून अनेकांनी 1937 चे नियम इतिहासजमा झाले असं धरून टाकलं. कायदा बदलला की त्याच्या शेवटी निरसन आणि व्यावृत्ती असं एक रूक्ष शीर्षक असतं, ते याचसाठी वाचायचं. जुन्या कायद्याखाली केलेले नियम आणि आदेश नव्याशी विसंगत नसतील तोवर जिवंत राहतात, अशी तरतूद त्यात असते. ते शीर्षक कंटाळवाणं वाटतं म्हणून सोडून देणाऱ्याचं पुढचं सगळं वाचन डळमळीत होतं.

कायद्याखाली केंद्र सरकारचे नियम. त्यांच्याखाली डीजीसीएच्या सीएआर, म्हणजे नागरी विमान वाहतूक आवश्यकता. सामान्य प्रवाशाच्या आणि वैमानिकाच्या रोजच्या आयुष्याशी ज्यांचा संबंध येतो, त्या बहुतेक गोष्टी या सीएआरमध्ये असतात. त्यांचे पत्ते विचित्र दिसतात: सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 4. पण एकदा समजले की सोपे जातात. सेक्शन 2 विमानाच्या उड्डाणयोग्यतेचा, सेक्शन 3 हवाई वाहतुकीचा, सेक्शन 7 वैमानिकांच्या पात्रतेचा आणि प्रशिक्षणाचा, सेक्शन 8 उड्डाण चालवण्याचा. सेक्शन 3 च्या सिरीज एममध्ये प्रवाशांच्या बाजूचं बरंच काही सापडतं. पार्ट 1 अपंग प्रवाशांविषयी, पार्ट 2 तिकिटाच्या परताव्याविषयी, पार्ट 4 विमान रद्द होणं, उशीर होणं आणि जागा नाकारणं याविषयी, पार्ट 6 बेशिस्त प्रवाशांविषयी.

सीएआर काढायचा अधिकार डीजीसीएला कुठून मिळाला? 1937 च्या नियमांतल्या 133ए या नियमातून. हे सांगण्याचं कारण असं, की सीएआरला मर्यादा आहे. ती नियमाविरुद्ध जाऊ शकत नाही, आणि नियम कायद्याविरुद्ध जाऊ शकत नाही. परिपत्रक त्याहूनही खाली. दोन कागद एकमेकांशी भांडताना दिसले, तर कोणता नवा याआधी कोणता वरचा हे पाहायचं असतं.

एखाद्या तरतुदीचं वजन किती, हे कधीकधी न्यायालयात ठरतं, आणि तिथल्या निकालांमधून अर्थ लावण्याची रीत सर्वांत चांगली शिकता येते. जीजा घोष यांचा खटला मी या विषयावर बोलताना नेहमी पुढे ठेवतो. त्या अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात आणि त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी जाताना, विमानात आपल्या जागेवर बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आलं. परिषद अ‍ॅडाप्ट या मुंबईच्या संस्थेची होती, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात तीही त्यांच्यासोबत अर्जदार होती. विमान कंपनीने सुरक्षेचं कारण सांगितलं.

आता यातला पेच बघा. विमानाची आणि प्रवाशांची सुरक्षा सांभाळण्याचा वैमानिकाचा अधिकार खरा आहे, आणि कुणाही शहाण्या माणसाला तो हवाच आहे. दुसरीकडे, अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारू नये असं सांगणारी 2008 ची सीएआरही खरी आहे. दोन्ही एकाच वेळी कशा लागू होतात? मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याचा धडा माझ्या वाचनात असा आहे: सुरक्षेचा अधिकार हा त्या शब्दाच्या उच्चाराने वापरला जात नाही. धोका खरोखर आहे का, हे पाहावं लागतं; प्रवाशाशी बोलावं लागतं, गरज असेल तर वैद्यकीय मत घ्यावं लागतं. यातलं काहीही न करता त्यांना उतरवलं गेलं होतं. न्यायालयाने दहा लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. दोन तरतुदी आमनेसामने आल्या की एकीला पुसून टाकायचं नसतं. दोन्हींना अर्थ उरेल असं वाचन शोधायचं असतं. असं वाचन जवळजवळ नेहमी सापडतं, आणि ते शोधायला लागणारा धीर ही या कामातली खरी कसोटी आहे.

तारखांकडे मात्र धीराने नव्हे, संशयाने पाहावं. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम, ज्यांना या व्यवसायात एफडीटीएल म्हणतात, यासाठी फार बोलके आहेत. 2007 मध्ये डीजीसीएने नवी सीएआर काढली. 2008 मध्ये तीच स्थगित केली आणि 1992 चं जुनं परिपत्रक पुन्हा लागू केलं. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मे 2011 मध्ये तिथेही हरल्या. त्या काळात कुणी नवीनतम कागद म्हणून 2007 ची सीएआर हातात घेऊन रोस्टर तपासलं असतं, तर त्याचं सगळं गणित चुकलं असतं. छापलेलं होतं, सही होती, तारीख होती. फक्त ती लागू नव्हती.

अशीच गुंतागुंत अलीकडे पुन्हा झाली. 8 जानेवारी 2024 रोजी सुधारित एफडीटीएल जाहीर झाली. ती जूनपासून लागू व्हायची होती, पण पुढे ढकलली गेली. दिल्ली उच्च न्यायालयातल्या सुनावणीनंतर तिच्या तरतुदींचा एक मोठा भाग 1 जुलै 2025 पासून आणि उरलेला 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा त्यातल्या काही तरतुदींतून त्या कंपनीला तात्पुरती सूट मिळाली आणि एक सूचना सर्वांसाठीच मागे घेतली गेली. म्हणजे एकाच कागदाच्या बाबतीत जाहीर होण्याची तारीख, टप्प्याटप्प्याने लागू होण्याच्या दोन तारखा, सूट सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, असं सगळं वेगवेगळं. म्हणून प्रश्नच असा विचारावा: ज्या दिवशी ही घटना घडली, त्या दिवशी काय लागू होतं?

मागे घेतलेली ती सूचना एका ओळीची होती. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, असं ती सांगत होती. वाचताना ती साधी वाटते. पण सुधारित नियमाने साप्ताहिक सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली होती. वैमानिकाने तीन दिवस रजा घेतली, तर त्यातले 48 तास विश्रांती म्हणून धरता येतात की नाही, यावर कंपनीला किती वैमानिक लागतील हे ठरतं. त्या ओळीमुळे ते धरता येत नव्हते. ती निघाल्यावर येऊ लागले. थकलेल्या वैमानिकाची बाजू आणि रद्द विमानामुळे विमानतळावर रात्र काढणाऱ्या प्रवाशाची बाजू, दोन्ही त्या एका ओळीवर तोलल्या होत्या. मी वैमानिकाच्या बाजूचा आहे. थकवा डोळ्यांना दिसत नाही आणि त्याची किंमत एकाच उड्डाणात वसूल होऊ शकते. पण माझी बाजू वेगळी आणि नियमाचा अर्थ वेगळा. अर्थ लावताना त्या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये.

याच सीएआरमध्ये रात्रीची व्याख्याही बदलली. आधी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतचा काळ रात्र होता, आता सहापर्यंत. फक्त एक तास. पण साडेपाचला कामावर हजर होणारा वैमानिक आधी रात्रपाळीत मोडत नव्हता, आता मोडतो. आणि रात्रपाळीत मोडला की त्याच्या उतरण्यांची संख्या सहावरून दोनवर येते. शब्दकोशातली रात्र, पंचांगातला सूर्योदय आणि नियमातली रात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नियमाचं मुख्य वाक्य वाचण्याआधी व्याख्यांचं पान उघडावं. ते कंटाळवाणं पान सर्वांत जास्त निर्णय करतं.

व्याख्या कुठवर चालते हेही पाहावं लागतं. विमानातल्या गुन्ह्यांसाठी 1963 मध्ये टोकियो करार झाला आणि भारताने त्यासाठी 1975 मध्ये कायदा केला. त्या एकाच करारात 'उड्डाणात असलेलं विमान' याचे दोन अर्थ आहेत. सर्वसाधारण कामासाठी उड्डाण म्हणजे झेप घेण्यासाठी इंजिनाला जोर दिल्यापासून उतरून धाव संपेपर्यंतचा काळ. पण विमानाच्या कप्तानाच्या अधिकारांचा प्रश्न येतो तेव्हा प्रवासी चढल्यावर बाहेरचे सगळे दरवाजे बंद झाल्यापासून उतरण्यासाठी त्यातला एक उघडेपर्यंतचा काळ. गेटवर उभ्या, दरवाजे लागलेल्या विमानात कुणी धिंगाणा घातला, तर पहिल्या अर्थाने ते विमान उड्डाणात नाही आणि दुसऱ्या अर्थाने आहे. व्याख्या हातात आली म्हणजे काम झालं असं नाही. ती कोणत्या प्रकरणापुरती आहे, हेही तपासावं.

आता प्रवाशाच्या नेहमीच्या प्रश्नाकडे येऊ. विमान पाच तास उशिरा सुटलं, तर मला पैसे मिळतील का? सेक्शन 3, सिरीज एम, पार्ट 4 उघडा. त्यात रद्द झालेल्या विमानासाठी भरपाई आहे. प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून मोठा असेल तर 10,000. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. 'यातलं जे कमी असेल ते' हे पाच शब्द बातम्यांच्या मथळ्यांत कधी येत नाहीत. तिकीट घेताना संपर्क क्रमांक न दिलेल्या प्रवाशाला ही भरपाई मिळत नाही, हेही मथळ्यात येत नाही. आणि उशिरासाठी? तिथे खाणंपिणं आहे, सहा तासांहून जास्त उशिरासाठी दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा असा पर्याय आहे, 24 तासांहून जास्त, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तर हॉटेल आहे. पण रोख भरपाई नाही. पाच तासांच्या उशिराला या सीएआरखाली पैसे मिळत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे आणि तो याने बंद होत नाही.

मग अपवाद. राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप आणि शेवटी 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची इतर कारणं', अशा असाधारण परिस्थितीत भरपाईची जबाबदारी राहत नाही. यादीच्या टोकाला असा पसरट शब्द आला की कंपनी सगळंच त्यात कोंबू पाहते: विमान बिघडलं, कर्मचारी आले नाहीत, आधीचं उड्डाण उशिरा आलं. न्यायालयांमध्ये मुरलेली वाचनाची पद्धत इथे कामाला येते. यादीतल्या आधीच्या वस्तूंच्या जातकुळीतलाच अर्थ शेवटच्या पसरट शब्दाला द्यायचा. पूर, दंगल आणि सरकारी आदेश यांच्या रांगेत स्वतःच्या विमानाची रोजची देखभाल बसत नाही. मला हे वाचन पटतं, आणि युरोपच्या न्यायालयाने 2008 मध्ये एका इटालियन कंपनीच्या खटल्यात जवळपास हाच निष्कर्ष काढला: तांत्रिक बिघाड हा विमान कंपनीच्या नेहमीच्या कामाचाच भाग असतो, म्हणून तो सहसा असाधारण ठरत नाही. तो निकाल भारतावर बंधनकारक नाही. पण वाद मांडताना त्याची विचारसरणी उपयोगी पडते.

युरोपचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम महाराष्ट्रातून परदेशी जाणाऱ्यांनी स्वतंत्रपणे वाचावा असा आहे. त्याची कक्षा विमान कुठून निघतं आणि कंपनी कोणाची, या दोन गोष्टींवर ठरते. मुंबईहून फ्रँकफर्टला जर्मन कंपनीच्या विमानाने गेलात तर तो लागू. एअर इंडियाने गेलात तर लागू नाही. परत येताना फ्रँकफर्टहून निघालात की एअर इंडियालाही लागू. या अंतरासाठी भरपाई 600 युरोपर्यंत आहे. आणि या नियमाचं सर्वांत लक्षात ठेवण्यासारखं वैशिष्ट्य असं, की त्याच्या मूळ मजकुरात उशिरासाठी रोख भरपाई लिहिलेलीच नाही. ती रद्द झालेल्या विमानासाठी आणि जागा नाकारलेल्या प्रवाशासाठी आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये स्टर्जन खटल्यात युरोपीय न्यायालय म्हणालं, की तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाचं नुकसान रद्द विमानाच्या प्रवाशासारखंच आहे, म्हणून दोघांना सारखं वागवलं पाहिजे. तेव्हापासून युरोपात उशिराची भरपाई आहे. नियमाचा मजकूर तोच, अर्थ मात्र निकालाने बदललेला. नुसता मजकूर वाचणारा प्रवासी आपला हक्क सोडून घरी गेला असता.

अमेरिकेत उड्डाण शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना याच प्रकारच्या एका ठिकाणी सावध राहावं लागतं. तिथला 61.113 हा नियम खासगी वैमानिकाला प्रवाशांबरोबर इंधन, तेल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं वाटून घ्यायला परवानगी देतो. मजकुरात अट एवढीच दिसते, की वैमानिकाने आपल्या वाट्याहून कमी देऊ नये. पण तिथल्या विमान प्रशासनाच्या मुख्य विधी अधिकाऱ्यांच्या जुन्या अभिप्रायपत्रांत आणखी एक अट आहे: वैमानिक आणि प्रवासी यांचा त्या प्रवासाचा हेतू एकच हवा. म्हणजे मित्राच्या लग्नाला दोघंही चालले असतील तर चालेल, फक्त मित्राला सोडायला वैमानिक निघाला असेल तर नाही. अशा वाटणीसाठी संकेतस्थळावर प्रवासी जमवणाऱ्या फ्लाइटनाऊ या कंपनीने या अटीला आव्हान दिलं, आणि 2015 मध्ये तिथल्या अपील न्यायालयात ती हरली. आपल्याकडे अशा अभिप्रायपत्रांचा सुटसुटीत सार्वजनिक संग्रह असता, तर शिकाऊ वैमानिकांचे कितीतरी वाद विमानतळाबाहेरच्या चहाच्या टपरीवरच मिटले असते.

प्रत्यक्ष शोध घेताना सुरुवात घटनेपासून करावी: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारचं विमान. मग डीजीसीएच्या संकेतस्थळावरची त्या विषयाची सीएआर उघडून पहिल्या पानावरची आवृत्तीची आणि सुधारणेची तारीख वाचावी, आणि ती कोणत्या नियमाखाली काढली आहे हे पाहून तो नियमही उघडावा. कायदे आणि नियम यांच्या राजपत्रातल्या प्रतीच खऱ्या. दुसऱ्या कुणीतरी एकत्र करून ठेवलेली प्रत सोयीची असली तरी तिच्यात एखादी दुरुस्ती राहून गेलेली असू शकते. धावपट्टी, हवाई मार्ग किंवा ठरावीक क्षेत्र यांचा प्रश्न असेल तर एआयपी आणि त्या दिवशीचे नोटम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना, बघावेत. एआयपीतले महत्त्वाचे बदल 28 दिवसांच्या चक्रात येतात, नोटम मात्र काही तासांपुरताही असतो. विमान कंपनीच्या तिकिटामागच्या अटी आणि केबिन कर्मचाऱ्यांची घोषणा हे दोन्ही नियम नव्हेत, पण कप्तानाच्या कायदेशीर आज्ञेला बळ असतं, म्हणून विमानात बसून वाद घालू नये. उतरल्यावर लेखी विचारावं.

लेखी विचारण्याचे रस्ते आहेत. विमान कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, मग एअरसेवा पोर्टलवर, आणि एखादं परिपत्रक लागू आहे की नाही याची खात्री हवी असेल तर माहितीच्या अधिकाराखाली थेट डीजीसीएला. अर्जात 'नियम काय आहे' असं मोघम विचारू नये. कागदाचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या दिवशीची स्थिती हवी ते लिहावं. उत्तरही तेवढंच नेमकं येण्याची शक्यता वाढते.

आणि एक वाट अशी आहे, जिच्याकडे फार कमी जण वळतात. 133ए या नियमाप्रमाणे सीएआर काढण्याआधी तिचा मसुदा 30 दिवस डीजीसीएच्या संकेतस्थळावर ठेवून बाधित होणाऱ्या सगळ्यांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या असतात. सार्वजनिक हितासाठी लेखी आदेशाने हा टप्पा वगळता येतो, पण तो अपवाद. मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून वाचले, तर कोणता शब्द कुणाच्या सांगण्यावरून गेला आणि कोणता टिकला याचा अंदाज येतो, आणि पुढे त्या शब्दाचा अर्थ लावताना तो अंदाज कामी येतो. व्हीलचेअरवरून प्रवास करणाऱ्या माणसाला, रात्रपाळी करणाऱ्या वैमानिकाला, विमानतळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या कुर्ल्याच्या किंवा लोहगावच्या रहिवाशाला त्या तीस दिवसांत आपलं म्हणणं पाठवता येतं. त्यासाठी वकीलपत्र लागत नाही. मसुद्याचा परिच्छेद क्रमांक, हरकत, तिचं कारण आणि सुचवलेला पर्यायी मजकूर, एवढं एका पानात मराठीत किंवा इंग्रजीत नीट लिहिलं तरी पुरतं.